देवराईतला पाहुणा

(आर. के. पुरम येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आता व्याख्यान. माझ्यानंतर मुलांची वेषभूषा स्पर्धा आहे. दोन छोटे शिवाजी महाराज आणि एक झाशीची राणी पडद्यामागे कधीची ताटकळत उभी आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. तेव्हा फार लांबण लावणार नाही.

सुरुवात आपल्या बाप्पापासूनच करतो. प्रतिष्ठापनेच्या दिवशी गुरुजींनी पत्रीपूजा सांगितली. माका, बेल, दूर्वा, शमी, आघाडा, डोरली, रुई, अर्जुन, मरवा, केवडा अशा एकवीस पत्री. आपल्यापैकी किती जणांना त्या सगळ्या मिळाल्या? दिल्लीत दूर्वा आणि बेल मिळतात, तुळस बाल्कनीत असते, बाकीच्यांच्या जागी आपण अक्षता वाहतो आणि देव त्या गोड मानून घेतो. पण या यादीकडे जरा नीट पाहा. यात बागेतली फुलझाडे थोडी आणि रानातल्या, बांधावरच्या वनस्पती जास्त आहेत. कोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिलाही रानातली फळे आणि वेलीच लागतात. आपला हा देव वर्षातून एकदा आपल्याला विचारतो, "तुमच्या रानात अजून काय काय शिल्लक आहे?" माटवी बांधणाऱ्याला रानात जाऊन या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आपण चाकरमानी मात्र अक्षता वाहून मोकळे होतो.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका रानाबद्दल, देवाच्या रानाबद्दल. आणि तिथे आता जो नवा पाहुणा येऊ लागला आहे, त्याच्याबद्दल.

देवराई म्हणजे काय?

आपल्यापैकी अनेकांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट पाहिला असेल. तो एका मनोरुग्णाची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट सांगतो, पण त्याच्यामुळे हा शब्द शहरी घरांत पोहोचला. देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेले जंगल. रत्नागिरीकडे तिला देवरहाटी म्हणतात. राजस्थानात ओरण, केरळात काव, कोडगूत देवरकाडू, झारखंडात सरना. नावे निराळी, पण नियम जवळपास सारखे. इथली फांदी तोडायची नाही. पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. शिकार नाही, काही ठिकाणी चपलासुद्धा बाहेर. मोडले तर देव कोपेल.

शहरात शिकलेली माणसे याला बराच काळ अंधश्रद्धा म्हणत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा चित्र बदलले. १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातील देवरायांची यादीच प्रसिद्ध केली. त्या काळातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाची हकीकत गाडगीळांनी सांगितली आहे. तिथली काळकाईची राई तोडण्यासाठी झाडांवर खुणा झाल्या होत्या. गावकऱ्यांना कळले की पुण्याहून आलेल्या काही अभ्यासकांना देवराईत रस आहे, आणि त्यांनी मदतीसाठी त्यांच्याशी संपर्क साधला. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: आमचा ओढा या राईतून येतो, राई गेली तर पाणी जाईल. पुढे वनखात्याशी बोलणे झाले आणि राई वाचली.

या हकीकतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांनी एकाच वेळी देवही सांगितला आणि पाणीही सांगितले. त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

आता अलीकडची दोन उदाहरणे देतो, दोन्ही सिंधुदुर्गातली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे एक छोटी देवराई आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. तिथे रानजायफळाच्या झाडांचे दलदलीचे जंगल सापडले. बारमाही गोड्या पाण्यात वाढणारी आणि गुडघ्यासारखी वाकलेली मुळे चिखलाबाहेर काढून श्वास घेणारी ही झाडे. महाराष्ट्रात असे जंगल असेल असे कुणाला वाटले नव्हते. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराच्या राईत ते आहे, तेही देवाच्याच पहाऱ्यात. २०२१ साली बांबर्ड्याच्या या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

दुसरे उदाहरण आंबोलीचे. तिथे हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, महादेवाचे देऊळ आहे आणि देवळासमोर कुंड आहे. त्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिला नदीचेच नाव दिले, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. बोटाएवढा लहान मासा. २०२१ साली त्या भोवतालची दोन हेक्टरांहून थोडी अधिक जागा वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. देवाच्या कुंडात कुणी गळ टाकत नाही. त्या एका संकोचाने हा मासा शास्त्रज्ञ येईपर्यंत सांभाळला.

पाहुणा आला

आता प्रश्न असा, की इतकी सुंदर जागा म्हटल्यावर माणसे पाहायला येणारच. यावीतच. सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. गावात रोजगार नाही, म्हणून तर आपण इथे आलो. गावातल्या पोराला गावातच चार पैसे मिळत असतील, तर दिल्लीत बसून त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'इको टुरिझम' म्हणजे निसर्गाला धक्का न लावता आणि स्थानिकांना लाभ देऊन केलेले पर्यटन, ही कल्पना मुळात चांगलीच आहे.

पण प्रत्यक्षात काय होते, ते पाहू.

भीमाशंकर घ्या. आपल्यापैकी बहुतेकांनी ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतले असेल. देवळाचे शिखर नाना फडणविसांच्या काळातले. भोवतीचे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले, मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू, म्हणजे ती मोठी तांबूस खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. या परिसरातल्या महादेव कोळ्यांच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या देवराया राखल्या. आहुप्याची भैरवनाथाची राई तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात तिथल्या कुजलेल्या लाकडावर उगवणारी बुरशी अंधारात हिरवट उजेड देते. हे झाले जंगल. आणि श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला रस्त्यावर गाड्यांची रांग, दुकाने, प्लास्टिक आणि कर्णे. शेकरू झाडाच्या शेंड्यांवरून एका फांदीवरून दुसरीवर उड्या मारत जाते. तिला खाली उतरायला आवडत नाही. वाहनतळासाठी, रस्त्यासाठी झाडांचे छत तुटले की तिची वाट तुटते. भाविकाला हे दिसत नाही, कारण तो वर पाहतच नाही. त्याला दर्शनाची रांग दिसते.

आंबोलीला पावसाळी धबधब्यांची गर्दी असते. याच आंबोलीत एक चिमुकला भेक सापडतो, जगात या भागाखेरीज जवळपास कुठेच नाही. तो पावसाळ्यातच बाहेर पडतो, म्हणजे नेमका आपल्या गाड्या घाटात असतात तेव्हा. रात्री ओल्या रस्त्यावर टायरखाली काय आले, हे चालकाला कळतही नाही.

कास पठार देवराई नव्हे, पण धडा घेण्यासारखे आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत कास होते. त्याच सुमारास लोक फुले पाहायला लोटले, फुलांवर बसून फोटो काढू लागले. मग भोवतालच्या गावांच्या समितीमार्फत प्रवेश शुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला सुमारे तीन हजार माणसांची मर्यादा आली. हे चांगले झाले. पण त्याबरोबर कुंपणही आले. कुंपणाने माणसे अडली, तशी गुरेही अडली. गुरे चरत नाहीत म्हणून गवत माजले आणि फुले कमी झाली, अशी तक्रार होऊ लागली. शेवटी कुंपण काढले गेले. गावाने शतकानुशतके जे चालवले होते त्यातले काय जंगलाला हवे आहे आणि काय नको, हे बाहेरच्या माणसाला पहिल्या भेटीत कळत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोठा तोटा कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी कचरा म्हणणार नाही. कचरा उचलता येतो. मोठा तोटा हा, की नियम कुणाचा हे बदलते. देवराईचा नियम देवाचा असतो आणि तो गाव पाळते. पर्यटक आला की तो विचारतो, "पाटी कुठे आहे? दंड किती?" पाटी नसेल तर सगळे चालते, असे त्याला वाटते. आणि त्याने मोडलेला नियम पाहून, त्याला काहीच झाले नाही हे पाहून, गावातला तरुणही म्हणतो, "मग आम्हीच का पाळायचा?" एका पिढीत हे रान देवाचे उरत नाही, कुणाचेच उरत नाही.

आणि आपण?

इथपर्यंत मी पर्यटकाला दोष दिला. ते सोपे आहे. आता थोडे स्वतःबद्दल बोलतो.

आमच्या गावी, कोकणात, ग्रामदेवतेचे कौलारू देऊळ होते. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी आणि भोवती राई. बेहडा, किंजळ, सातवीण, एक म्हातारा आंबा, आणि दोन झाडांमध्ये झोपाळ्यासारखी लोंबणारी गारंबीची वेल. भर दुपारी तिथे गेले तरी तिन्हीसांज झाल्यासारखे वाटायचे. वीसेक वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराचा विषय निघाला. मुंबईकर चाकरमान्यांनी पुढाकार घेतला, पुण्याहून पैसे आले, आणि दिल्लीहून मी पाठवले. उत्साहाने पाठवले. देवाला कौल लावला, तो मिळाला. स्लॅबचे देऊळ उभे राहिले, फरशा बसल्या, मोठा सभामंडप झाला. दूरची माणसे येतील, गाड्या लावायला जागा हवी, म्हणून सहा झाडे गेली. आंबा त्यातच गेला.

मी पुढच्या मे महिन्यात गावी गेलो. संगमरवरी पाटीवर देणगीदारांत माझे नाव होते, आणि खोटे कशाला बोलू, ते वाचून बरे वाटले. मग पायरीवर टेकलो, तर फरशी तापलेली, बसवेना. म्हातारे गुरव शेजारी उभे होते. हसून म्हणाले, "बाबानू, पैशे तुमचे, पण सावली देवाची होती. ती आता खंयसून हाडतलात?"

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. देवळामागचा झरा पूर्वी मेअखेरपर्यंत वाहायचा, तो आता एप्रिलातच आटतो. सहा झाडांमुळेच तो आटला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गाणी गावच्या लोकांना जे न शिकता कळले होते, ते मला इतके शिकून कळले नव्हते, एवढे खरे. आणि आम्ही कौल लावला होता तो देवळाच्या कामाचा. झाडांचा वेगळा कौल लावायला हवा होता, हे कुणालाच सुचले नाही.

हे माझ्या एकट्याच्या गावाचे नाही. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी देवराया लाकूडतोड्याने नव्हे, तर भक्ताने बारीक केल्या आहेत. त्या भक्ताचा पत्ता बहुधा मुंबईचा, पुण्याचा किंवा दिल्लीचा असतो. पर्यटक तिथे पोहोचण्याआधी त्याच्यासाठी वाहनतळ करून ठेवणारे आपणच.

मग करायचे काय?

निराश होऊन चालणार नाही, कारण चांगली उदाहरणेही आहेत.

मंडणगड तालुक्यातले वेळास घ्या. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी पळवली जायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' या संस्थेने २००२ पासून गावाला बरोबर घेऊन घरटी राखली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. गावात मोठी हॉटेले उठली नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला पिल्ले समुद्रात जाताना दोरीच्या अलीकडून पाहतात. पिल्ले निघाली नाहीत तर निमूट परत जातात. पैसे घराघरांत राहतात, म्हणून कासव राखणे हे घराघराचे काम झाले.

मेघालयात शिलाँगपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर मॉफ्लांग आहे. खासी समाजाची ही देवराई पाहायला देशभरातून माणसे जातात. तिथे स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. तो आत शिरतानाच सांगतो की इथून पान, फूल, दगड काहीही न्यायचे नाही. तुम्ही खासी असा की मराठी, नियम एकच. पाहुण्याला तिथे देवाच्या अटीवर प्रवेश मिळतो. मॉफ्लांगचे सगळे मर्म यातच आहे. पर्यटकाच्या सोयीने देव हलवायचा नाही, देवाच्या सोयीने पर्यटकाने चालायचे.

आणि देवराईतून काहीच घ्यायचे नाही, असेही सगळीकडे नव्हते. मावळात पवनेच्या खोऱ्यातल्या आजिवलीला वाघजाईची राई आहे. तिथे भेरली माडाची झाडे दाटीने वाढतात. गावाने ती तोडली नाहीत. त्यांची माडी काढून उत्पन्न घेतले. झाड उभे आहे तोवर उत्पन्न, म्हणून झाड राखायचे. पर्यटनाचेही असेच व्हायला हवे. रान उभे आहे तोवर पाहुणा, आणि पाहुण्याचा पैसा रान राखणाऱ्याच्या हातात.

या उदाहरणांवरून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, गाभा सोडायचा. देवराई लहान असते, कधी दोन एकर, कधी दहा. तिथे पायवाटांचे जाळे, निरीक्षण मनोरे, 'सेल्फी पॉइंट' कशाला? पाहुण्याने कडेच्या वाटेने चालावे, आत फक्त गुरव आणि देव. दुसरी, निर्णय गावाचा. किती माणसे, कोणत्या महिन्यात, किती शुल्क, हे ग्रामसभेने ठरवावे. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबवते, तेव्हा तिथे माणूस नको, हे गावाला माहीत असते. तिसरी, पैसा गावात. वाटाड्या, जेवण, मुक्काम हे सारे स्थानिकांचे असावे.

कायद्याची साथही आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि वारसा स्थळाची तरतूदही त्यातलीच. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क दिला. २००८ साली युनेस्को आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संस्थेने पवित्र नैसर्गिक स्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोखही परंपरेने राखणाऱ्यांचा मान ठेवा, असाच आहे. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी इथे, आपल्या दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखावे, असे केंद्राला सांगितले. आपल्यापैकी कित्येक जण मंत्रालयांत काम करतात किंवा तिथून निवृत्त झाले आहेत. धोरणाची फाइल कशी चालते, कुठे अडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या फाइलमध्ये गावाचे म्हणणे यावे, एवढे पाहणारा कुणी आपल्यातला असेल, तर त्याला माझा आगाऊ नमस्कार.

दिल्लीतही देवराई आहे

कुणी म्हणेल, हे सगळे कोकणातले, इथे त्याचे काय? आपल्या सेक्टर ७ मधले मलाई मंदिर रोज दिसते. मुलांना वाटते, त्याचा दुधाच्या सायीशी संबंध आहे. तमिळमध्ये 'मलै' म्हणजे डोंगर. दिल्लीत आलेल्या तमिळ बांधवांनी आपल्या डोंगरावरच्या देवासाठी इथली खडकाळ टेकडी शोधली. ही टेकडी ज्या अरवलीचे शेपूट आहे, त्याच अरवलीत, गुडगाव-फरिदाबाद रस्त्यालगत, इथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, मांगर गावाची 'बणी' आहे. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेले धौ वृक्षांचे जंगल. सगळीकडे विलायती बाभूळ माजलेली असताना या एका दरीत मूळ अरवली अजून हिरवी आहे. आसपासच्या गुज्जर गावांनी तिथे कुऱ्हाड चालू दिली नाही.

पण जमीन महाग झाली. गावाची सामाईक जमीन कागदोपत्री तुकड्यांत वाटली गेली आणि बरीचशी बाहेरच्यांच्या हातांत गेली. गावातल्या माणसांनी आणि दिल्लीतल्या निसर्गप्रेमींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१६ साली हरियाणा सरकारने सुमारे ६७७ एकर क्षेत्रात आणि भोवतालच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. २०२१ साली त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारे आणि गुहाचित्रेही आढळली. म्हणजे माणूस तिथे किती जुना आहे, पाहा. आणि धोका संपला, असे समजू नका. रविवारी सहलीला जाऊन तिथे बाटल्या टाकणारे आपल्या दिल्लीचेच असतात.

चार विनंत्या

शेवटी चार विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली. दिवाळीत, मे महिन्यात गावी जाल, तेव्हा मुलांना देवराईत न्या. पण गुरवाला किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या काकांना बरोबर घ्या. मोबाइल खिशात, चपला बाहेर. झाडांची नावे विचारा. त्या काकांना चहापुरते नव्हे, दिवसाच्या मजुरीइतके मानधन द्या.

दुसरी. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला गावाहून फोन येईल. जरूर द्या. पण आधी विचारा, "झाड किती जाणार?" एकही जाणार असेल, तर नकाशा बदलून घ्या. देणगी देताना अट घालणे हा अपमान नव्हे. आपण इथे सोसायटीच्या कामात घालतो की नाही?

तिसरी. फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका. एका सुंदर फोटोमागून शंभर गाड्या येतात. गाव तयार असेल तरच पत्ता द्या.

चौथी विनंती समितीला. या वर्षी एखाद्या रविवारी मांगरला जाऊ. पन्नास जणांची बस नको, दहा-बारा जण पुरेत. तिथल्या माणसाला वाटाड्या म्हणून घेऊ, तो नेईल तिथवरच जाऊ आणि स्वतःचा कचरा परत आणू. पाहुणे कसे असावे, याचा सराव इथूनच करू.

हे जमेल का, असे वाटणाऱ्यांना एकच आठवण देतो. यमुनेत विसर्जन नाही म्हटल्यावर आपल्या मनाला केवढे लागले होते. वाहत्या पाण्याशिवाय विसर्जन कसले, असे आपणच म्हणत होतो. २०१९ पासून दिल्लीत कृत्रिम तलाव आले, आणि आज आपण त्याच भक्तीने, तेवढ्याच मोठ्या आवाजात बाप्पाला निरोप देतो. देवाचे काही अडले नाही. आपलीच सवय बदलायची होती.

गुरवकाका आता नाहीत. पण पायरीवर बसून सावलीचा हिशेब मागणारे कुणीतरी प्रत्येक गावात असते. गेल्या तीन पावसाळ्यांत आम्ही काही जणांनी वाहनतळाच्या कडेने बेहडा, किंजळ आणि आंब्याची रोपे लावली आहेत. त्यातली सात जगली आहेत. त्यांची सावली मला मिळणार नाही. पडद्यामागे उभ्या असलेल्या त्या दोन शिवाजी महाराजांना आणि झाशीच्या राणीला मिळाली, तरी पुष्कळ.

त्यांना आता आणखी थांबवत नाही.

गणपती बाप्पा मोरया!